जास्वंदीचं डोकं आणि दोऱ्याची गाठ

बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ हा फिल्म कॅमेरा आठ-दहा महिन्यांपूर्वी चालू करून घेतला. गिरगावातल्या आमच्या गॅलरीत जास्वंदीचा फोटो काढायचा होता, पण हा कॅमेरा ०.८ मीटरच्या आत फोकसच करत नाही. फोर्टच्या बोरा बाजारातून ५५ मिलिमीटर व्यासाची, +३ ताकदीची क्लोज-अप भिंग (जवळचं टिपायला लेन्सवर लावायची काच) घेतली. रोल धुऊन आला तर फुलं धूसर, वर डोकंही चौकटीबाहेर उडालेलं!

चूक माझीच. भिंग लेन्सवर बसते, रेंजफाइंडरला (अंतर जुळवून फोकस करायची कॅमेऱ्यातली सोय) तिचा पत्ताच नसतो. फाइंडरमधला तो पिवळा ठिपका जुळवण्यात अर्थ नाही. लेन्स अनंतावर ठेवली की +३ ला भिंगेपासून ३३ सेंटीमीटरवर फोकस. तेवढा दोरा भिंगेच्या कडेला चिकटवला, टोकाला गाठ. गाठ पुंकेसराला टेकवायची, दोरा सोडायचा, श्वास रोखून क्लिक. (आई म्हणाली, फुलाचं माप घेतोयस का ब्लाउजला?)

डोकं उडण्याचं कारण: ज्यातून बघतो तो फाइंडर लेन्सच्या वर असतो. म्हणून चौकट जुळली की कॅमेरा त्या दोघांमधल्या अंतराइतकाच वर सरकवतो. अ‍ॅपर्चर ११, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक. तरी फोकसची खोली जेमतेम चार सेंटीमीटर, त्यामुळे वारा असला की नाद सोडतो. +१० स्वस्त होती, पण हातात धरून ती निव्वळ डोकेदुखी.