दोन सिस्टिममध्ये फाइल द्यायची-घ्यायची असेल, तर फॉरमॅट आधी पक्का कसा करावा

‘आम्ही सीएसव्ही (स्वल्पविरामासारख्या चिन्हाने कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) पाठवतो’ एवढ्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही. सीएसव्हीसाठी २००५ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालिकेतला आरएफसी ४१८० आला खरा, पण तो माहितीपर दस्तऐवज आहे, बंधनकारक मानक नाही. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या तऱ्हेची सीएसव्ही काढतं. ‘आधी इम्पोर्ट करून बघा, अडलं तर सांगा’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. अडलेली फाइल लगेच लक्षात येते. न अडता चुकीची आत गेलेली फाइल महिनोन्‌महिने सापडत नाही.

१. आधी कामाचं स्वरूप विचारा. फाइल किती वेळा येणार, दर वेळी सगळा डेटा की फक्त बदललेल्या नोंदी, आणि एक नोंद कुठल्या कॉलमवरून ओळखायची?

२. मग बाहेरचा साचा लिहून घ्या: डीलिमिटर (कॉलम वेगळे करणारं चिन्ह) कोणता, हेडर (कॉलमच्या नावांची पहिली ओळ) आहे का, ओळ कशाने संपते, आणि पत्त्यातच स्वल्पविराम, अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ आली तर काय करायचं. सीएसव्हीऐवजी एक्सएमएल किंवा जेसन हे फॉरमॅट असतील, तर फाइलच्या रचनेचे नियम सांगणारी फाइल, म्हणजे स्कीमा मागा; एक्सएमएलसाठी ती एक्सएसडी असते.

एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, यूटीएफ-८ ठेवा आणि बीओएम असणार की नाही, तेही लिहा. बीओएम म्हणजे फाइलच्या सुरुवातीचे तीन अदृश्य बाइट. घेणाऱ्या प्रोग्रामला त्यांची अपेक्षा नसेल, तर ते पहिल्या हेडरच्या नावाला चिकटतात आणि डोळ्यांसमोर असलेला कॉलम ‘सापडत नाही’ असा एरर येतो.

३. आता कॉलम. खरी गफलत इथेच होते. प्रत्येक कॉलमची एक ओळ करून नाव, प्रकार, लांबी, सक्तीचा की ऐच्छिक, आणि एक खरं वाटेल असं उदाहरण लिहा. चार गोष्टी मात्र खोदून खोदून विचारा.

लांबी अक्षरांत की बाइटमध्ये? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘प्रतीक्षा’ हे नाव ९ चिन्हांचं, म्हणजे २७ बाइटचं. फील्ड २० बाइटचं असेल तर ‘प्रतीक’ उरतं आणि त्यामागे तुटलेल्या चिन्हाचे दोन बाइट. पुढच्या कुणी ते साफ केले, तर वेगळ्याच माणसाचं नाव तयार!

रिकामं म्हणजे काय? माहिती नाही, लागू नाही, की शून्य? फक्त बदल पाठवणाऱ्या फाइलमध्ये हा प्रश्न जास्त घातक ठरतो: रिकामा फोन नंबर म्हणजे ‘जुना तसाच ठेवा’ की ‘पुसून टाका’? याचं उत्तर लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्कीमा फार तर रिकामं चालतं की नाही एवढं सांगते, त्याचा अर्थ सांगत नाही.

तारीख २०२५-०४-०३ (वर्ष-महिना-दिवस) अशीच मागा. दिवस-महिना उलटे वाचले गेले तर १३ तारखेपासून पुढच्या नोंदी एरर देतात, पण १ ते १२ तारखेच्या निमूटपणे आत जातात. वेळ असेल तर टाइमझोनही हवा.

आणि कोड हा आकडा नव्हे. ००१२३४ हा टेक्स्ट आहे, असं तपशिलात स्पष्ट लिहा.

४. नमुना फाइल मागा, पण साध्यासरळ दहा ओळींची नको. तिच्यात मुद्दाम अवघड नोंदी हव्यात: मराठी नाव, स्वल्पविराम असलेला पत्ता, सुरुवातीला शून्य असलेला कोड, ऋण रक्कम, रिकामं फील्ड, १२ च्या पुढची तारीख.

ही फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडून तपासू नका. तसं उघडल्यावर एक्सेल सुरुवातीची शून्यं खातं आणि १५ अंकांच्या पुढचे अंक शून्य करतं. सेव्ह केलंत की मूळ माहिती गेलीच. टेक्स्ट एडिटर वापरा. मराठीच्या जागी विचित्र लॅटिन अक्षरं दिसली तर डेटा बहुधा शाबूत आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने वाचला जातोय. प्रश्नचिन्हं दिसली तर एडिटरचं एन्कोडिंग बदलून बघा. तरीही फाइलमध्ये खरोखर प्रश्नचिन्हंच असतील, तर मजकूर पाठवणाऱ्याकडेच नष्ट झालाय. नवीन फाइल मागण्यावाचून इलाज नाही.

५. पोचवण्याचे नियम ठरवा. फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवायची आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यायचं, नाहीतर अर्धी फाइल उचलली जाते. शेवटच्या ओळीत नोंदींची संख्या आणि रकमांची बेरीज मागा. जुळलं नाही तर अख्खी फाइल परत करा, जमेल तेवढ्या ओळी घेत बसू नका.

६. हे सगळं एका दस्तऐवजात, आवृत्ती क्रमांकासह. नवीन कॉलम नेहमी शेवटी जोडायचा, कॉलम क्रमांकावरून न वाचता हेडरच्या नावावरून वाचायचे, आणि बदल करण्याआधी नवा नमुना पाठवायचा, हेही त्यातच लिहा.