लेकीच्या फोनआधी लेकीकडे बघा

माझी लेक चौदा वर्षांची असताना रात्री पांघरुणात फोन घेऊन पडायची. मी तो हिसकावून घेतला. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. ही चूक तुम्ही करू नका.

आधी शेजारी बसा, "काय बघतेस, मलाही दाखव" म्हणा. मी बसले तेव्हा दिसलं: एक उदास रील तिनं शेवटपर्यंत बघितली, की पाठोपाठ तशाच आणखी. पुढं काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या अल्गोरिदमला दुःख कळत नाही, नजर किती वेळ थांबली, कशावर काय दाबलं, एवढंच कळतं. मग दोघींनी मिळून अशा रील्सवर 'यात रस नाही' दाबलं, शरीराची तुलना करायला लावणारी अकाउंटं अनफॉलो केली. कोणती, ते तिनंच ठरवलं.

मालिका जमेल तेवढ्या एकत्र बघा. आत्महत्येचं तपशीलवार चित्रण कोवळ्या मनाला घातक ठरू शकतं. 'थर्टीन रीझन्स व्हाय'मधला तसा प्रसंग नेटफ्लिक्सनं २०१९ मध्ये काढून टाकला.

रात्री फोन खोलीबाहेर, आपलाही. अपुऱ्या झोपेनं उदासी बळावते.

सगळं खापर मात्र फोनवर फोडू नका. उदासी किंवा चिडचिड २ आठवडे टिकली, जेवण, मैत्रिणी, आवडती चित्रकला सुटली, तर डॉक्टरांकडे न्या. मरणाचं बोलली तर गप्प करू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. हो म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या.