चित्राचा भाव इंचावर, फ्रेमचा वेगळा
मालवण-वेंगुर्ल्यात स्वतःची चित्रं विकत असाल, तर पर्यटक कुठून आलाय ते बघून भाव सांगू नका. लांबी-रुंदीची बेरीज करा आणि ठरावीक दराने गुणा. १२ बाय १६ इंचांचं चित्र म्हणजे २८ इंच; समजा १४० रुपये दर धरला, तर ३,९२० रुपये. क्षेत्रफळावर गेलात तर २४ बाय ३६चं चित्र याच्या साडेचारपट महाग होतं आणि बहुतेकदा घरीच राहतं. बेरजेने ते ८,४०० रुपयांत बसतं.

फ्रेमचे पैसे वेगळे सांगा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कागद काचेला चिकटला की बुरशी धरते, त्यामुळे मधे माउंट, म्हणजे कागद काचेपासून दूर ठेवणारी जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. गॅलरी कमिशन घेते म्हणून घरी स्वस्त देऊ नका, गॅलरीत विकत घेतलेल्याला ते फसवल्यासारखं वाटतं.