दाव्याची पुढची तारीख नुसती लिहून घेऊ नका, कशासाठी लागलीय ते बघा

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात सकाळी आलं की आधी बोर्ड बघायचा, त्या दिवशीच्या केसेसची यादी हो, आणि पुकारा होईल तेव्हा हजर राहायचं, चहाला नंतर जा. सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे आपल्या केसचा ओळख नंबर, वकिलांकडून घेऊन ठेवा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि स्टेज, म्हणजे केस कुठल्या टप्प्यावर आहे, दोन्ही दिसतं, आणि खरी गंमत स्टेजमध्येच असते. समन्स बजावणीवरच अडकलंय म्हणजे बेलीफला, समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाला, पत्ता सापडेना, मग गल्ली, घर नंबर, जवळची खूण नीट लिहून द्या. समन्स मिळाल्यावर प्रतिवादीनं ३० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची, कोर्ट कारण लिहून ९० पर्यंत वाढवू शकतं. मग मुद्दे, म्हणजे वादाचे नेमके प्रश्न, निघतात, पुरावा, उलटतपास, युक्तिवाद, निकाल.

सुनावणीत एका बाजूला ३ पेक्षा जास्त तहकुबी, म्हणजे पुढची तारीख मागून घेणं, देऊ नये असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात काय होतं ते आमच्या बांधाच्या दाव्याला विचारा! तरी समोरच्यानं मुदत मागितली की आपल्या वकिलांना खर्चाची मागणी करायला सांगा, आणि तारखेला काय झालं ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, वाचा.