जुन्या ४८६ मधली चित्रं आजच्या लॅपटॉपवर: आधी आणा, मग बदला

सांगली-कोल्हापूरकडच्या छापखान्यांमध्ये १९९० च्या दशकात जे ४८६ (त्या नावाच्या प्रोसेसरचे संगणक) आले, त्यातले काही अजून माळ्यावर पोत्यात गुंडाळलेले आहेत. त्यांच्या हार्ड डिस्कवर आणि खोक्यातल्या फ्लॉप्यांवर लग्नपत्रिकांच्या वेली आहेत, गणपती आहेत, दुकानांची चिन्हं आहेत, दिवाळी अंकांसाठी स्कॅन केलेली रेखाचित्रं आहेत. मी त्या काळात डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी, करायचे. आता छापखान्यांची पुढची पिढी ही मशीनं घेऊन माझ्याकडे येते. काही चित्रांचे कागदावरचे मूळ नमुने केव्हाच गेलेत, त्यामुळे डिस्कवरची फाइल हेच मूळ. म्हणून हे काम जपून करायचं.

माझा एक नियम आहे. फाइल जशी आहे तशी, बाइटन् बाइट, नव्या मशीनवर पोचेपर्यंत तिचं पीएनजी किंवा जेपीजी करायला हात लावायचा नाही. चित्र उघडलं आणि रंग विचित्र दिसले, की लोक म्हणतात फाइल जुनी झाली, खराब झाली. नीट पाहिलं तर ती वाटेत बिघडलेली असते, आणि वाटेतली चूक पुष्कळदा दुरुस्त करता येते.

मशीन आलं की लगेच चालू करू नका. कॅबिनेट उघडा. त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डांवर पिंपाच्या आकाराची छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. हिरवट-पांढरा थर दिसला, तर आधी बॅटरी कापून काढा आणि ती जागा साफ करा. बॅटरी संपली की बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला, हार्ड डिस्कची मापंही आठवत नाहीत. डिस्कच्या लेबलवर सिलिंडर, हेड, सेक्टर असे तीन आकडे छापलेले असतात. त्यांचा फोनवर फोटो काढून ठेवा, ते बायोसमध्ये परत भरावे लागतील.

आता फ्लॉप्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात सगळ्यात मोठा शत्रू बुरशी. साडेतीन इंची फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवा, मधली चकती बोटाने फिरवा आणि तिरप्या उजेडात दोन्ही बाजू बघा. पांढरे ठिपके किंवा धुरकट डाग दिसले, तर ती ड्राइव्हमध्ये घालायची नाही. हेडला बुरशी चिकटते, पृष्ठभाग खरवडला जातो आणि पुढची चांगली फ्लॉपीही खराब होते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घेऊन, झाकणाच्या फटीतून चकती थोडी थोडी फिरवत हलक्या हाताने पुसा. पूर्ण वाळू द्या. घासायचं नाही.

मग कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे त्या फ्लॉपीवर काही लिहिलं जाणार नाही. सव्वापाच इंचीचं उलटं असतं, तिथे कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लिहिणं बंद होतं. हे नक्की करा, कारण नवी विंडोज कुठल्याही डिस्कवर स्वतःहून काहीबाही लिहू शकते.

साडेतीन इंची १.४४ एमबी फ्लॉपीसाठी लॅपटॉपला लावायचा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह पुरतो. त्यातल्या फाइली एकेक कॉपी करत बसू नका, पूर्ण फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमध्ये बाइटन् बाइट नक्कल, घ्या. लिनक्सवर मी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरते. ते आधी नीट वाचता येणारा भाग घेतं, मग अडलेल्या सेक्टरांकडे परत वळतं आणि कुठे काय अडलं याची नोंद ठेवतं. प्रतिमेचा आकार बरोबर १४,७४,५६० बाइट आला पाहिजे: ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. ही प्रतिमा सेव्हन-झिपमध्ये उघडते आणि आतल्या फाइली बाहेर काढता येतात.

सव्वापाच इंचीला यूएसबी ड्राइव्ह चालत नाही. तिथे जुना खराखुरा ड्राइव्ह, ३४ पिनांची पट्टी केबल आणि ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड लागतं. हे बोर्ड चकतीवरचे चुंबकीय बदलच वाचून साठवतं. मॅकच्या ८०० केबी फ्लॉपीसाठीही हाच मार्ग, कारण तिची लिहिण्याची पद्धत वेगळी आहे आणि यूएसबी ड्राइव्हला ती समजत नाही.

हार्ड डिस्क आयडीई (रुंद पट्टी केबलने जोडायच्या जुन्या पद्धतीची) असेल तर बाहेर काढा, मास्टरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) बघून घ्या, यूएसबी-आयडीई अडॅप्टरला जोडा आणि तिचीही पूर्ण प्रतिमा घ्या. चित्रं त्या प्रतिमेतूनच काढायची, डिस्कवर पुन्हा पुन्हा फेऱ्या नकोत. पण ४० किंवा ८० एमबीच्या जुन्या डिस्कांवर अडॅप्टर अडतो. तो सेक्टरचा पत्ता सलग क्रमांकाने मागतो, आणि त्या डिस्कांना फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर कळतं. डिस्क फिरते, आवाज ठीक असतो, तरी लॅपटॉपवर काही दिसत नाही. अशी डिस्क मेलेली समजून टाकू नका. ती परत तिच्या ४८६ ला लावा आणि सीरियल केबलने फाइली लॅपटॉपवर आणा.

यासाठी नल-मोडेम केबल लागते, म्हणजे जिच्यात पिन २ आणि ३ एकमेकींत उलटवलेल्या असतात आणि ५ सरळ असते. लॅपटॉपच्या बाजूला यूएसबी-सीरियल अडॅप्टर. ४८६ वर विंडोज ३.१ असेल तर त्यात टर्मिनल नावाचा प्रोग्राम आधीपासूनच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. लॅपटॉपवर टेरा टर्म चालतं. दोन्हीकडे वेग सारखा ठेवा, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. टर्मिनलचा वरचा वेग १९२००. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १९२० बाइट, १ एमबीला ९ मिनिटांहून जास्त. रात्रीचं जेवण होईपर्यंत एखादी मोठी फाइल येते. घाई करू नका.

फाइल बायनरी म्हणूनच पाठवायची. मजकूर म्हणून पाठवली तर ओळीच्या शेवटाचे बाइट बदलतात आणि चित्राचा चुराडा होतो. टर्मिनल बायनरीसाठी दोन पद्धती देतं, एक्समोडेम आणि कर्मिट. कर्मिट हळू आहे, तरी मी तेच निवडते, आणि कारण चित्रांशीच जोडलेलं आहे.

एक्समोडेम १२८ बाइटांचे ठोकळे पाठवतं. शेवटचा ठोकळा अपुरा पडला तर तो भरून काढतं, बहुतेक वेळा २६ या मूल्याच्या बाइटांनी. फाइल शेपटीला थोडी वाढते. इतर चित्रप्रकारांत याने सहसा काही अडत नाही. पण पीसी पेंटब्रशच्या पीसीएक्स फाइलचं काय होतं बघा. २५६ रंगांच्या पीसीएक्समध्ये रंगांची पॅलेट, म्हणजे कुठला क्रमांक कुठला रंग याची यादी, फाइलच्या अगदी शेवटी असते: आधी १२ या मूल्याचा एक बाइट, मग प्रत्येक रंगाचे ३ असे ७६८ बाइट. वाचणारा प्रोग्राम शेवटापासून ७६९ बाइट मागे जाऊन ती शोधतो. शेपटी वाढली की तिथे पॅलेट सापडत नाही. आकार सगळे जागेवर, रंग मात्र भलतेच. गणपती ओळखू येतो, पण शेंदराच्या जागी निळा.

अशी फाइल हाती आली तर ४८६ वर डॉसच्या डीआयआर आज्ञेने तिचा मूळ आकार बघा आणि हेक्स एडिटरमध्ये (फाइलचा एकेक बाइट दाखवणारा प्रोग्राम) शेवटचे जादा बाइट कापा. रंग परत येतात. कुठल्याही मार्गाने आणलेल्या प्रत्येक फाइलचा आकार मी असा दोन्हीकडे ताडून बघते. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

सगळं आल्यावर मूळ फाइलींचा एक फोल्डर करून तो फक्त वाचता येईल असा ठेवा. बदल त्याच्या प्रतीवर. नावावरून प्रकार ओळखायला जाऊ नका, आठ अक्षरांच्या मर्यादेत लोकांनी काहीही शेपट्या लावलेल्या असतात. हेक्समध्ये पहिले बाइट बघा. पहिला १० (हेक्समध्ये 0A) असेल तर बहुधा पीसीएक्स. ‘बीएम’ अक्षरं दिसली तर बीएमपी. ‘आयआय’ किंवा ‘एमएम’ आणि जवळच ४२ (हेक्समध्ये 2A) असेल तर टिफ.

रूपांतराला इरफानव्ह्यू, एक्सएनव्ह्यू किंवा इमेजमॅजिक, तिन्ही चांगले. १६ किंवा २५६ रंगांचं चित्र पीएनजीमध्येच करा. जेपीजी सपाट रंगांच्या कडेला घाण सोडतं, आणि वेलबुट्टीच्या बारीक रेषांचं त्यात वाटोळं होतं. स्कॅन केलेली काळी-पांढरी रेखाचित्रं १ बिटचीच राहू द्या आणि त्यांचा ३०० डीपीआयचा आकडा नव्या फाइलमध्ये आला का ते तपासा, नाहीतर छापताना माप चुकतं. टिफ निगेटिव्हसारखं उलटं दिसलं तर घाबरू नका. शून्य म्हणजे पांढरा की काळा हे टिफमध्ये फाइल स्वतः सांगते, आणि एखादा प्रोग्राम ते वाचत नाही. दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा.

पडद्यासाठी काढलेली ३२० बाय २०० ची चित्रं आज चपटी दिसतात. तेव्हाच्या ४:३ मॉनिटरवर प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंच असायचा. बघण्यासाठीची प्रत आडवी ५ पट आणि उभी ६ पट करा, १६०० बाय १२०० येते आणि गणपतीचं पोट पुन्हा गोल होतं. मोठं करताना ‘निअरेस्ट नेबर’ निवडा, म्हणजे ठिपके धूसर होणार नाहीत. मूळ मापाची प्रतही बाजूला ठेवा.

कोरलड्रॉच्या फाइली हा वेगळा त्रास. लिब्रेऑफिस ड्रॉ आणि इंकस्केप जुन्या सीडीआर उघडतात, वेली आणि बॉर्डर येतात, पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोडचे नव्हते, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली अक्षरं बसवलेली होती. तोच फॉन्ट मिळाला नाही तर मजकूर वाचता येत नाही. म्हणून ४८६ वर कोरल अजून उघडत असेल, तर त्याच मशीनवर प्रत्येक पत्रिकेची ३०० डीपीआयची टिफ काढा, आणि विंडोजच्या फोल्डरमधले फॉन्टही सोबत आणा. यासाठी मशीन चालू अवस्थेत हवं, म्हणून डिस्कची प्रतिमा हाती आली तरी ते भंगारात घालायची घाई करू नका. पत्रिका, फॉन्ट आणि टिफ तिन्ही लॅपटॉपवर उघडून, एक पत्रिका कागदावर छापून, मजकूर शब्दाशब्दाने ताडून झाला की मगच ४८६ मालकाला परत द्या.