छोट्या टाकीत ड्वार्फ सिक्लिड शांततेने नांदवताना

शोभिवंत माशांच्या दुकानात ‘सिक्लिड’ या एकाच नावाखाली स्वभावाने आणि गरजांनी अगदी भिन्न असलेले मासे विकले जातात. आफ्रिकेतील मलावी सरोवरातले, दिवसभर एकमेकांच्या मागे धावणारे निळे-पिवळे मासे कठीण, अल्कधर्मी पाण्यातले असतात. दक्षिण अमेरिकेतील रॅम आणि अपिस्टोग्रामा हे मात्र मृदू, किंचित आम्लधर्मी पाण्यातले, पाच ते आठ सेंटीमीटर लांबीचे बुटके, म्हणजेच ‘ड्वार्फ’ सिक्लिड आहेत. पुढील सूचना केवळ या दुसऱ्या गटासाठी आहेत. हे मासे एरवी शांत असले, तरी भांडतात ते बहुतेक वेळा जागेसाठी, आणि ती जागा म्हणजे टाकीचा तळ. त्यामुळे टाकीत शांतता राहील की नाही, हे माशांच्या स्वभावापेक्षा तळाची वाटणी आपण कशी करून देतो यावर अधिक ठरते.

म्हणूनच टाकी घेताना लिटरपेक्षा लांबी-रुंदी पाहावी. २४ × १२ × १२ इंचांच्या टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते, आणि ती एका जोडीसाठी पुरेशी असते. हीच टाकी दीड फूट उंच घेतली तर पाणी वाढते, पण भांडणाची जागा तेवढीच राहते. एका नरासोबत दोन-तीन माद्या ठेवायच्या असतील, तर तीन फूट लांबीचा विचार करावा. दोन फुटी टाकीत दोन नर ठेवू नयेत. एखादा दुकानदार ‘लहान आहेत, राहतील’ असे म्हणाला तरीही.

तळाला बारीक, धारदार नसलेली वाळू घालावी, कारण हे मासे वाळू तोंडात घेऊन चाळतात आणि खाद्य वेगळे करतात. त्यानंतरची मांडणी अशी असावी की टाकीच्या एका टोकाला असलेल्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा सरळ दिसू नये. ओंडके, दगड, अनुबियस किंवा जावा फर्न या पाणवनस्पती यांच्या आडोशाने तळाचे दोन-तीन भाग पाडावेत. टाकी सुंदर दिसावी म्हणून मधला भाग मोकळा सोडण्याचा मोह येथे महागात पडतो. अपिस्टोग्रामाची मादी गुहेच्या छताला अंडी चिकटवते. तिच्यासाठी बाजारातल्या महागड्या गुहेपेक्षा नारळाची अर्धी करवंटी उत्तम: ती घासून, उकळून घ्यावी, कडेला मादी जाईल पण मोठा नर सहज शिरणार नाही एवढीच खाच ठेवावी आणि पालथी घालावी. माद्यांपेक्षा एक-दोन करवंट्या जास्तच असाव्यात. रॅमची जोडी मात्र उघड्यावर, बहुधा सपाट दगडावर अंडी घालते आणि दोघेही राखण करतात, म्हणून तिला चपटे दगड द्यावेत.

टाकी भरून लगेच मासे सोडू नयेत. गाळणीत जिवाणूंची वाढ होऊन अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि रॅमसारखा नाजूक मासा या काळात क्वचितच तग धरतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढण्यासाठी क्लोरीनरोधक औषध वापरावे. बोअरचे पाणी कठीण असेल, तर त्यात आरओचे शुद्ध पाणी मिसळून ते मृदू करावे. आपल्याकडे रस्तोरस्ती असलेल्या देशी बदामाची गळून वाळलेली पाने, धूर आणि फवारणीपासून दूरच्या झाडाची, धुऊन टाकीत घातली तर पाण्याला फिकट चहासारखा रंग येतो, माशांना आडोसा मिळतो आणि बुजरे मासे लवकर बाहेर येतात. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे, आणि नवे पाणी टाकीतल्या पाण्याएवढ्याच तापमानाचे असावे.

तापमानाचा प्रश्न सोबत्यांच्या निवडीशी जोडलेला आहे. रॅम हा व्हेनेझुएला आणि कोलंबियातील ओरिनोको खोऱ्याच्या उष्ण गवताळ मैदानांतला मासा असून त्याला २७ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते; मुंबई-कोकणात वर्षाचा बराच काळ ते आपोआप मिळते, पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात मात्र हीटर लागतो. २४-२५ अंशांत सुखी असणारा निऑन टेट्रा त्याच्यासोबत म्हणूनच योग्य नाही. तेथे एम्बर टेट्रा किंवा, टाकी तीन फुटी असल्यास, रमीनोज टेट्रा बरे. काकाटुऑइडिस हा पेरूकडचा अपिस्टोग्रामा २४ ते २७ अंशांत चांगला राहतो आणि पाण्याच्या बाबतीत या गटात सर्वांत सोशीक आहे. नवख्याने सुरुवात त्याच्यापासूनच करावी, असे माझे मत आहे.

सोबती निवडताना पाण्याचा वरचा आणि मधला थर भरणारे मासे घ्यावेत. दोन फुटी टाकीत सात-आठ एम्बर टेट्रा किंवा पेन्सिल फिश पुरेसे आहेत. वर निवांत फिरणारा थवा पाहून सिक्लिडलाही धोका नाही असे वाटते आणि ते मोकळेपणाने वावरतात. कोरीडोरास हे छोटे कॅटफिश मात्र लहान टाकीत टाळावेत. ते तळावरच फिरतात, हद्द ओळखत नाहीत, अंडी खातात, आणि चिडलेल्या मादीचा मार निमूटपणे सोसत राहतात. टायगर बार्ब आणि एंजल फिश यांनाही येथे स्थान नाही.

सिक्लिड सर्वांत शेवटी सोडावेत, म्हणजे इतर मासे स्थिरावलेले असतात आणि टाकीवर आधीच कोणाची मालकी बसलेली नसते. त्याआधी त्यांना तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून आजार तपासावेत. खरेदीच्या वेळी अतिशय भडक रंगाच्या लहान रॅमपेक्षा किंचित फिकट, पण खाद्यावर झडप घालणारे मासे निवडावेत. नंतर एखादा मासा वाढवायचा झाल्यास आधी दगड आणि ओंडके हलवून जुन्या हद्दी पुसून टाकाव्यात.

पर पसरून आडवे उभे राहणे, कल्ले फुगवणे, थोडा पाठलाग हा रोजचा व्यवहार आहे. मात्र एखादा मासा पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात लपून राहत असेल, जेवायला खाली येत नसेल किंवा त्याचे पर फाटले असतील, तर त्याच दिवशी हस्तक्षेप करावा आणि हल्लेखोराला काही दिवस वेगळे ठेवावे. अपिस्टोग्रामाची मादी अचानक गडद पिवळी झाली आणि तिच्या अंगावर काळ्या खुणा उठल्या, तर करवंटीत अंडी आहेत असे समजावे. अशा वेळी ती नरालाही हुसकावते, आणि लहान टाकीत पळायला जागा नसलेला नर जिवाला मुकू शकतो. त्याला जाळीच्या पडद्याआड ठेवावे किंवा दुसऱ्या टाकीत हलवावे. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात आणि त्यानंतर साधारण पाच दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. तेव्हापासून त्यांना दिवसातून दोन-तीनदा नुकतीच उबवलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे अगदी बारीक जीव) द्यावी. समुदायी टाकीत बहुतेक पिल्ले टेट्रांच्या पोटात जातात. ती वाचवायची असतील, तर मादीसह वेगळ्या टाकीची तयारी अंडी दिसताच करून ठेवावी.