दोघांचा रिचार्ज
आमच्या घरी दोन मोबाइल, दोन्ही प्रीपेड. पॅक घेण्याआधी मी सेटिंगमध्ये जाऊन महिन्याचा डेटा बघते. माझा रोजचा दीड जीबी संपतोच, लेकीचे व्हिडिओ कॉल असतात. ह्यांचा फोन घरात वायफायवर, बाहेर नुसतं बोलणं. मग त्यांना डेटा कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने (मोबाइल कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) फक्त कॉल-एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलंय. ॲपमध्ये पार खालपर्यंत जाऊन शोधा.

२८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज! म्हणून किमतीला दिवसांनी भागायचं, मगच तुलना.

रेंज स्वयंपाकघरात उभं राहून तपासा. आमच्या ओट्यापाशी आधीच्या सिमचा आवाज तुटायचा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर PORT लिहून पुढे आपला नंबर १९०० वर एसएमएस करा.